पिरॅमिड नसलेला इजिप्त

इजिप्तवरचं पुस्तक हातात आलं की आपण आधी फोटो शोधतो. पिरॅमिड, स्फिंक्स, तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा. अमिताव घोष यांच्या ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ (१९९२) मध्ये यातलं जवळजवळ काही सापडत नाही. १९८० साली ऑक्सफर्डहून मानववंशशास्त्राचा अभ्यास करायला गेलेला हा पंचविशीतला मुलगा नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यात, गच्चीवरच्या जुन्या खुराड्यात राहतो आणि लोकांशी बोलत बसतो. पाच हजार वर्षांच्या संस्कृतीत गेलेल्या माणसाने एवढंच करावं? मला वाटतं, पुस्तक टिकलं ते याच्यामुळेच.

गावकऱ्यांना त्याच्या संशोधनात रस नाही. त्यांचे प्रश्न ठरलेले. तुम्ही गाईची पूजा करता? मेलेल्यांना जाळता? सुंता करत नाही? बघायला आलेला माणूस पानापानावर बघितला जातो. गावात भारतीय बनावटीचे पाण्याचे पंप येतात, तेव्हा हा हिंदुस्तानी म्हणजे जाणकारच असणार म्हणून त्याला पंप तपासायला बोलावतात. बिचारा गंभीर चेहऱ्याने यंत्राभोवती फिरतो. एकदा नबील नावाचा तरुण खोलीवर येतो, किटलीत एकाच माणसापुरतं पाणी बघतो आणि म्हणतो की असा एकट्यापुरता चहा ठेवताना तुला घरच्यांची आठवण येत असेल. एवढंच. प्रवासवर्णनात लेखक यजमान देशातल्या माणसांना समजून घेतो, असं आपण धरून चालतो. इथे समजून घेणारा नबील आहे.

पुस्तकाचा दुसरा धागा बाराव्या शतकातला. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, बेन एझ्रा नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, म्हणून लिहिलेले कागद तिथल्या एका बंद खोलीत टाकत गेले. ही गनिझा. शतकानुशतकांचा हा ढीग १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी मोठ्या प्रमाणावर केंब्रिजला नेला. त्यात अब्राहम बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रं होती. हा ज्यू व्यापारी मंगळूरला बरीच वर्षं राहिला. मिरी, वेलदोडे, सुपारी एडनला पाठवायची आणि तिकडून कागद, साखर, मनुका मागवायच्या, असा व्यवहार. आशू नावाच्या नायर दासीला त्याने मुक्त केलं, आणि घोष यांच्या मते तिच्याशी लग्नही केलं. त्याच्या पदरी एक गुलाम होता. ११४८ च्या एका पत्रात एडनचा व्यापारी त्याला आवर्जून सलाम कळवतो. स्वरचिन्हं नसलेल्या मोजक्या अक्षरांतून घोष त्याचं नाव शोधत तुळुनाडूत जातात आणि ‘बोम्मा’वर पोचतात. पत्रं हिब्रू लिपीतली, पण भाषा बोलीतली अरबी. खेड्यात गप्पा मारताना शिकलेली बोली त्यांना आठशे वर्षांपूर्वीच्या पत्रांत भेटते. प्राचीन देश आजही जिवंत आहे हे वाक्य आपण किती वेळा वाचलंय. इथे ते कसं हे दिसतं.

मग ते प्रसिद्ध भांडण. गावचा इमाम पूर्वी जडीबुटी जाणणारा, आता इंजेक्शनं देणारा. जुन्या औषधांबद्दल विचारलेलं त्याला आवडत नाही. चारचौघांत तो म्हणतो, पाश्चात्य लोक प्रेतं जाळत नाहीत, म्हणूनच त्यांच्याकडे विज्ञान, तोफा, बॉम्ब आहेत. घोष भडकतात. आमच्याकडे तुमच्यापेक्षा चांगल्या तोफा आहेत, आम्ही अणुस्फोटही केलाय! (पोखरण, १९७४.) दोन जुन्या संस्कृतींचे वारस भर रस्त्यात पश्चिमेच्या शस्त्रांनी एकमेकांना मोजतात. लेखक स्वतःला यातून सोडवून घेत नाही. मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या दोन देशांची अशी जुंपलेली आपण पाहतो, त्यामुळे हे पान आज जास्तच बोचतं.

पण इथून पुढे घोष यांच्याशी माझं जमत नाही. या भांडणातून ते निष्कर्ष काढतात की बेन यिजूच्या काळी असलेली सांभाळून घेण्याची भाषा संपली. हिंदी महासागरावरचा व्यापार मुख्यतः बिनशस्त्र होता, १४९८ नंतर पोर्तुगीजांनी तोफा आणल्या. यात तथ्य आहेच. पण चोळांनी १०२५ च्या सुमारास श्रीविजयवर आरमार पाठवलं होतं. आणि खुद्द गनिझाच्या पत्रांत, ११३५ च्या सुमारास किश बेटाच्या अमिराने एडनवर जहाजं घातल्याची हकिगत आहे. तो काळ आजच्यापेक्षा मोकळा होता म्हणा, निरागस नको.

गुलामगिरीचं तर मला अजिबात पटत नाही. बोम्माचं दास्य वेगळं होतं हे दाखवण्यासाठी घोष वचनकारांची आणि सूफींची ईश्वराशी असलेली दास्यभक्ती आणतात. मांडणी देखणी आहे. पण देवाचा दास स्वतःहून होता येतं, व्यापाऱ्याचा नाही. बोम्मा विश्वासू मुनीम असेल, एडनमध्ये दारू पिऊन पैशांसाठी दंगा करण्याइतका बिनधास्तही असेल. तरी गनिझात त्याच्याबद्दल बोलतात ते मालक आणि मालकाचे मित्र. त्याचा स्वतःचा शब्द एक नाही. आशूचाही नाही. ज्या लेखकाने जिवंत गावकऱ्यांना इतकं बोलू दिलं, तो या गप्प माणसांच्या बाबतीत इतक्या लवकर समाधानी होतो, हे खटकतं.

गंमत म्हणजे त्यांच्या सिद्धान्ताला सगळ्यात मोठा अडथळा त्यांच्याच गावातून येतो. इराण-इराक युद्धाच्या काळात इजिप्तची खेडी इराकमध्ये मजुरीला जातात. नबीलही जातो, बगदादमध्ये एका फोटोवाल्याच्या दुकानात लागतो, त्याच्या पैशांवर गावी पक्कं घर उभं राहतं. बेन यिजूसारखाच तोही पोटासाठी परमुलखात राहिला. फरक एवढाच की त्याची पत्रं कोणी जपणार नाही. १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसतो, मजुरांची पळापळ सुरू होते. घोष पुन्हा गावात येतात, तेव्हा घरातले सगळे टीव्हीसमोर बसून परतणाऱ्या गर्दीत एक चेहरा शोधत असतात. तो दिसत नाही.