वारसा नको, नाटक दाखवा

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. ‘आव्वाज कुणाचा?’ अशी आरोळी उठते आणि कॉलेजच्या नावाचा गजर पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो. महाराष्ट्रीय कलोपासकनं ही स्पर्धा १९६३मध्ये सुरू केली. साठ वर्षं उलटली तरी दर पावसाळ्यात तिचं वेड नव्या मुलांना लागतंच. त्याच नाट्यगृहात एखाद्या रविवारी ‘संगीत सौभद्र’ लागलं की चित्र बदलतं. पुढच्या रांगा पांढऱ्या केसांनी भरतात, मागच्या रिकाम्या राहतात आणि मध्यंतरात चहाबरोबर ठरलेला विषय निघतो: हल्लीच्या मुलांना नाटक नको असतं.

मुलांना नाटक हवं असतं. संगीत नाटकाला यावंसं वाटत नाही, एवढंच. त्याची कारणं त्यांच्या अभिरुचीत शोधण्याआधी रंगमंचावर शोधायला हवीत.

पारशी मंडळींचा गाण्यांनी भरलेला खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या डोक्यात मराठी संगीत नाटकाची कल्पना आली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांची पात्रं स्वतः गाऊ लागली. तेव्हाचा प्रत्येक प्रेक्षक या प्रकाराला नवखाच होता, पण चाली मात्र त्याच्या ओळखीच्या होत्या. साकी, दिंडी, कीर्तनातली पदं, लावणी, कर्नाटकी वळणाची गाणी, असं सगळं तो घरात, देवळात, जत्रेत ऐकत आलेला होता. १८८२च्या ‘सौभद्र’ची गोष्टही घरातलीच: थोरल्या भावाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर आहे आणि धाकटा भाऊ भोळेपणाचा आव आणून पडद्याआडून सूत्रं हलवतो आहे. परक्या प्रकाराला ओळखीच्या चालीनं आत आणायचं, ही युक्ती या कलेला जन्मापासून ठाऊक होती.

पुढे गायकी मोठी झाली. १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीच्या चाली दिल्या, बालगंधर्वांनी त्या घराघरात नेल्या आणि ज्यांनी कधी मैफल ऐकली नव्हती त्यांच्या कानांना भीमपलास, यमन ओळखीचे झाले. संगीताचं हे फार मोठं देणं. नाटकाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. ‘वन्स मोअर’च्या गजरात नायिका रुक्मिणी तेच पद पुन्हा गाऊ लागली की बाकीची पात्रं तिष्ठत उभी राहत आणि गोष्ट तिथंच थांबे. १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’नं मराठी बोलपट आणला. गाणी आणि गोष्ट दोन्ही थोडक्या वेळात, थोडक्या पैशांत मिळू लागल्यावर नवा प्रेक्षक तिकडे वळला.

साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं, यात विद्याधर गोखल्यांच्या नाटकांचा आणि जितेंद्र अभिषेकींच्या चालींचा वाटा मोठा. अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’पासून पदं आटोपशीर केली आणि ‘लेकुरे उदंड जाली’मध्ये तर फार्सालाही गायला लावलं. डिसेंबर १९६७मध्ये आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये गाणं हाच कथेचा विषय झाला: दोन घराण्यांचं वैर, एका गायकाचा अहंकार, चोरून विद्या मिळवणारा शिष्य. तिथं एक पद कापलं तर कथेचा दुवाच निखळतो. २०१० साली राहुल देशपांडे आणि महेश काळे यांनी हे नाटक पुन्हा उभं केलं, २०१५मध्ये सुबोध भावेंनी त्याचा चित्रपट केला आणि दोन्ही वेळा तरुण प्रेक्षक आला. घराण्यांचा इतिहास त्यातल्या अनेकांना ठाऊक नव्हता. पुढं काय होतंय याची उत्सुकता पुरेशी होती.

आजची अडचण अशी की पदं नाटकापासून सुटून निघाली आहेत. २००८-०९मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या मुलांनी नाट्यगीतं घरोघरी पोचवली. ती मुलं आणि त्यांच्या वयाचे श्रोते आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांना गाणी पाठ आहेत, पण ती कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतं हे विचारलं तर बहुतेक गप्प होतात. ‘नाट्यसंगीत रजनी’ नावाच्या मैफलींनी हीच सवय पक्की केली. मूळ पाच अंकी संहिता अडीच-तीन तासांत बसवताना कात्रीही पुष्कळदा उलट चालते. पदं शाबूत राहतात, संवाद आणि प्रसंग उडतात. जाणकाराला गाळलेलं आपोआप आठवतं. पहिल्यांदा आलेल्या मुलीला मात्र कळत नाही की ही नायिका एवढी का रडते आहे.

नवख्याला सुरुवात कुठून करून द्यावी, असं कुणी विचारलं तर देवलांचं ‘संशयकल्लोळ’ हे बिनतोड उत्तर आहे. अश्विनशेठनं रेवतीला दिलेली तसबीर हरवते, ती कृत्तिकेच्या हाती पडते आणि नेमकी तिच्या संशयी नवऱ्याच्या, फाल्गुनरावाच्या दृष्टीस पडते. एका तसबिरीपायी दोन घरं पेटतात. आज तसबिरीच्या जागी मोबाइलमधला फोटो कल्पिला तरी एकही संवाद बदलावा लागत नाही. प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हे नाटक केलं तेव्हा हशा आणि गाणं दोघांना मोकळी जागा मिळाली आणि कुणालाही ‘अभिजात’ असं काही पाहतोय म्हणून अवघडून बसावं लागलं नाही.

नव्या लेखनात प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ वेगळं काढून पाहण्यासारखं आहे. २०१७च्या अखेरीस भद्रकाली प्रॉडक्शननं ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. तुकोबांची भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या गरोदर आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो. विठ्ठल तो काढतो आणि तिची काळजी घ्यायला रखुमाईला लखुबाई बनवून तिच्या घरी धाडतो. मग रंगमंचावर दोघीच उरतात. एकीचा नवरा विठ्ठलानं नेला आहे, दुसरीचा भक्तांनी. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी स्वतः गातात, आणि आनंद ओक यांच्या चाली अशा बेतल्या आहेत की बोलता बोलता ओवी कधी सुरू झाली ते कळत नाही. गाण्यासाठी कुणी पुढं येऊन उभं राहत नाही. चूल, पाणी, दुखरा पाय चालूच असतो. प्रयोग पाचशेच्या घरात गेले, देशमुखांना २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आणि रागाचं नाव न ओळखणारी मुलं-मुली आईला घेऊन दुसऱ्यांदा आली.

मात्र देवबाभळीचं कौतुक करताना ‘संगीत नाटक परतलं’ म्हणणारे मधली मोठी परंपरा विसरतात. १९७२चं ‘घाशीराम कोतवाल’ पाहा. नेपथ्य जवळजवळ नाहीच. गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची रांग हाच पडदा. ती पाठ फिरवते तेव्हा आड, वळते तेव्हा पुणं. भास्कर चंदावरकरांनी कीर्तन आणि लावणी शेजारी-शेजारी बसवली आणि हे सगळं केलं हौशी तरुणांनी. पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८चा. २०१२मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं; राजकुमार तांगडे यांचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, संभाजी भगतांची शाहिरी आणि जालन्याकडचे नट. त्यानं नाट्यगृहाची पायरी न चढलेला प्रेक्षक आत आणला. संगीत नाटकाच्या चर्चासत्रांत या नाटकांना क्वचितच जागा मिळते. ती मिळाली तर ‘तरुण येत नाहीत’ हे रडगाणं बरंच ओसरेल.

पूर्व विदर्भात तर हा प्रश्नच पडत नाही. दिवाळी सरली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत झाडीपट्टीचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडशातल्या मंडळ्यांची कार्यालयं तारखा वाटतात, गावात मंडईची जत्रा भरते, मंडप पडतो आणि रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. रंगमंचासमोर पेटी-तबलावाले बसलेले, पोरं आजीच्या मांडीवर. मधेच घुसवलेली नाचगाणी खटकतात, संवाद कधी भडक होतात, हे खरं. पण तिथलं पोर प्रेक्षक म्हणूनच वाढतं. त्याला वेगळं आवतण लागत नाही. गोव्यातल्या देवळांच्या उत्सवी नाटकांत आणि तळकोकणच्या दशावतारात अजून हेच दिसतं.

शहरात आवतण लागतं आणि ते परवडावंही लागतं. मोठ्या शहरात पुढच्या रांगेचं तिकीट पाचशेच्या घरात गेलं आहे. विद्यार्थ्याला सवलत मिळालीच तर बाल्कनीत, जिथून नटाचा चेहरा दिसत नाही आणि पद कर्ण्यातून ऐकल्यासारखं येतं. न्यूयॉर्कमध्ये १९९६ला ‘रेंट’ या संगीतिकेच्या निर्मात्यांनी नेमकं उलट केलं: पहिल्या दोन रांगा वीस डॉलरला, आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी. पोरं पहाटेपासून रांगा लावू लागली, आणि त्यांच्या उत्साहाची लागण मागच्या महागड्या खुर्च्यांनाही झाली. नंतर ‘हॅमिल्टन’नं दहा डॉलरच्या सोडतीनं तोच मार्ग धरला. आपल्याकडे आठवड्याच्या मधल्या वारी पुढच्या खुर्च्या मोकळ्या राहतात. त्यातल्या वीस कॉलेजच्या ओळखपत्रावर शंभर रुपयांत दिल्या तर निर्मात्याचं काही बुडणार नाही.

लहान मुलांची सोय तरी झाली आहे. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’पासून रत्नाकर मतकरींपर्यंत गाणारं-नाचणारं बालनाट्य इथं रुजलं. १९८६पासून मोहन आगाशे आणि श्रीरंग गोडबोले यांनी पुण्यात बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ची पद्धत आणली, मोठे नट लाडेलाडे न बोलता मुलांच्या भूमिका करू लागले आणि गाण्यांतून मुलांचे खरे प्रश्न आले. पण बालनाट्यातल्या चेटकिणीला हसून झालं की पुढचं नाटक थेट लग्न झालेल्यांच्या भांडणांचं. तेरा ते एकोणीस वयासाठी मराठीत गाणारं नाटक जवळपास नाही.

याच ‘ग्रिप्स’नं त्याच १९८६ साली बर्लिनमध्ये ‘लिनी आइन्स’ ही संगीतिका केली होती. बाहेरगावाहून आलेली एक मुलगी मित्राला शोधत भुयारी रेल्वेनं शहरभर फिरते, डब्यातले प्रवासी गाऊ लागतात, एवढंच कथानक. असं नाटक विरार किंवा कर्जत लोकलवर बेतायला गाणारे कुठून आणायचे, असा प्रश्न निर्मात्यांना पडू नये. पुण्याच्या फिरोदिया करंडकात दरवर्षी डझनावारी कॉलेजं वादक, गायक, नर्तक, चित्रकार यांना एकाच नाटकात रंगमंचावर उभं करतात. बक्षीस समारंभ संपला की तो वाद्यवृंद पांगतो, आणि त्यातल्या कुणालाही पुढच्या सोमवारी एखाद्या नाट्यनिर्मात्याचा फोन येत नाही.