सौभद्रातल्या चाली कोणाच्या?

दिवाळी अंकात नाट्यसंगीतावर एखादा लेख असणे हे फराळाच्या ताटात चकली असण्यासारखेच आहे. नसली तर चुकल्यासारखे होते आणि असली तर ती सगळ्यांच्या घरी एकाच चवीची असते. त्या लेखांत एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘नाट्यसंगीताने अभिजात संगीत महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले.’ मीही हे वाक्य वर्षानुवर्षे मान हलवीत वाचत आलो आहे. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत किर्लोस्कर आणि देवल यांची नाटके पुन्हा एकदा, या खेपेला गाण्यांच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरांसकट वाचली आणि हे वाक्य निम्मेच खरे आहे असे माझे मत झाले. उरलेले निम्मे कोणी लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

मी गवई नाही. आंबेगाव तालुक्यातल्या शिनोलीस राहणारा शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे शब्दांचा माणूस. तेव्हा स्वरांविषयी मी बोलेन ते ऐकणाऱ्याच्या बाजूने, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आधी कालक्रम पाहू. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा गाण्याचा सगळा भार सूत्रधारावर असे. राम, सीता, रावण यांनी समयस्फूर्त गद्य बोलायचे आणि त्यांच्या मनातले सूत्रधाराने गाऊन सांगायचे, अशी ती वाटणी. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि ही वाटणी मोडली. शकुंतला आपले दुःख आपण गाऊ लागली. सांगतात की, त्यापूर्वी अण्णासाहेबांनी एका पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिले होते आणि मराठीत असा ऑपेरा का असू नये, हा विचार त्यांच्या मनात तेथून आला. पण युरोपातला ऑपेरा बहुतेक सगळाच गायचा असतो. अण्णासाहेबांनी गद्य ठेवले, मध्ये पदे घातली आणि पद संपताच पुन्हा माणसासारखे बोलणे सुरू केले. नाव परक्याचे घेतले असेल, वस्तू मात्र आपल्या ओसरीवरची होती. आपला कीर्तनकार तरी दुसरे काय करतो? बोलता बोलता गातो आणि गाता गाता पुन्हा बोलू लागतो.

‘शाकुंतल’ हे भाषांतर आहे आणि त्याचे ओझे त्याच्या अंगावर दिसते. कालिदासाचा श्लोक आला की त्याचे पद झालेच पाहिजे, या निष्ठेपायी काही ठिकाणी गोष्ट खोळंबून उभी राहते. खरे किर्लोस्कर भेटतात ते १८८२ च्या ‘सौभद्रा’त. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाने ठरवलेला वर दुर्योधन आणि मध्ये सगळे माहीत असून साळसूदपणे बसलेला कृष्ण. ही कथा पौराणिक खरी, पण घर मराठी आहे. थोरला भाऊ हट्टी, धाकटा कावेबाज आणि लग्न मुलीचे असून विचार तिलाच नाही. यात्रेकरू संन्याशाचे सोंग घेऊन आलेल्या अर्जुनाची सेवा बहिणीला सांगणारा बलराम कोणत्या गावी नसतो?

आता त्या बारीक अक्षरांकडे येतो. छापील नाटकात प्रत्येक पदावर ते कसे म्हणायचे याची सूचना असते. कुठे राग आणि ताल दिलेला असतो, कुठे ‘चाल’ म्हणून जुन्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द दिलेले असतात आणि कुठे नुसतेच साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असे लिहिलेले असते. या सूचनांवरून बोट फिरवीत गेले की एक नकाशाच उलगडतो. राग आहेत, नाहीत असे नाही. परंतु त्यांच्या खांद्याला खांदा लावून कीर्तनातली वृत्ते उभी आहेत, लावणीच्या चाली आहेत आणि कानडी मुलखातून आलेल्या चालीही आहेत. अण्णासाहेबांचा जन्म बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. कानडी चाल त्यांना परकी नव्हती, शेजारघरची होती.

साकीचा चरण अठ्ठावीस मात्रांचा, सोळांवर थांबा आणि मग बारा. दिंडीचा एकोणीस मात्रांचा, नऊ आणि दहा असा. हिशेब रुक्ष वाटेल, पण त्यातच नाटकाची सोय आहे. साकी धावते. उत्तराला प्रत्युत्तर द्यायचे, घडलेले झटपट सांगायचे, तर साकीसारखे वाहन नाही. दिंडी किंचित अडखळत चालते, म्हणून ती विनवणीला आणि हुरहुरीला बरी. अण्णासाहेबांनी ही वाहने अचूक जुंपली आहेत. प्रसंग पुढे ढकलायचा असेल तेथे साकी-दिंडी आणि मन एका जागी थबकले असेल तेथे रागातले पद, असा साधारण बेत त्यांच्या नाटकांतून मला दिसतो. दर वेळी तो पाळला आहे असे मात्र नाही.

याची परीक्षा मी वर्गात करून पाहिली. आठवीच्या मुलांना एक दिंडी आणि एक साकी म्हणून दाखवली. तास संपायच्या आत सारा वर्ग ती म्हणत होता आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाने त्या साकीत शाळेच्या नळाला पाणी नसल्याची तक्रार रचून आणली होती, मात्रांना धक्का न लावता! नंतर त्यांना पुढच्या काळातले ताना-पलट्यांचे एक पद ध्वनिमुद्रिकेवरून ऐकवले. मुलांनी ते कौतुकाने ऐकले, पण म्हणायला कोणी उठले नाही. पहिले गाणे त्यांच्या तोंडचे झाले आणि दुसरे कानाचेच राहिले. या दोन गोष्टींतले अंतर मला फार मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, १८८२ चा प्रेक्षक सुसंस्कृत होता, त्याला ख्याल कळत होता. थोड्यांना कळत असेल. पुण्यात गायन समाज १८७४ पासून होता. परंतु ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) याच पिढीतले आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ मध्ये. म्हणजे ‘सौभद्र’ पाहायला जमलेल्या बहुतेकांचे कान ख्यालावर नव्हे, तर कीर्तन, भजन, बायकांची गाणी आणि चोरून का होईना ऐकलेली लावणी यांच्यावर पोसलेले होते. अण्णासाहेबांनी त्यांना जे दिले ते त्यांच्याकडूनच घेतलेले होते. घरातले गाणे आधी नाटकात गेले. नाटकातला राग घराघरांत गेला तो मागाहून.

मग आपला समज उलटा का झाला? त्याचे एक कारण मला यंत्रात सापडते. किर्लोस्कर मंडळीचा प्राण म्हणजे भाऊराव कोल्हटकर. १८८२ मध्ये ते बडोद्याहून आले, सुभद्रा झाले आणि त्यांच्या उंच, गोड आवाजाने महाराष्ट्र वेडा झाला. ते १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. हिंदुस्थानात ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी गाणी मुद्रित होऊ लागली ती १९०२ मध्ये. एका वर्षाची चुकामूक! भाऊरावांच्या सुभद्रेचा एक स्वरही आज जगात कोठे नाही. आपण ‘सौभद्रा’ची पदे म्हणून जी ऐकतो ती पुढच्या पिढीच्या गळ्यातून आलेली आहेत. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ चे ‘मानापमान’ गोविंदराव टेंब्यांच्या चालींवर आणि १९१६ चे ‘स्वयंवर’ भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर गाजले. तो काळ खरोखरच रागसंगीताच्या वैभवाचा होता आणि ठरलेले वाक्य त्या काळापुरते सोळा आणे खरे आहे. घोटाळा इतकाच की, त्या काळाच्या चष्म्यातून आपण मागच्या वीस वर्षांकडे पाहतो आणि किर्लोस्करांना बखलेबुवांची पहिली पायरी समजतो.

बालगंधर्वांच्या मोठेपणाविषयी मला काही शंका नाही. त्यांची तबकडी लागली की मीही वही मिटून बसतो. पण नाटक म्हणून विचार केला तर एका पदावर तीन-तीनदा ‘वन्समोअर’ मिळाला म्हणजे त्या पात्राचे काय होत असेल? रुक्मिणी अंतर्धान पावते आणि गायक उरतो.

या वळणाची सुरुवात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या १८९६ च्या ‘वीरतनया’पासून झाली असे मानतात. त्यांनी पारशी रंगभूमीवरच्या नव्या चटकदार चाली आणल्या. चाल नवी आहे हेच कौतुक होऊन बसले आणि शब्द चालीच्या मागे फरफटत निघाले. कोल्हटकरांच्या विनोदाचा मी ऋणी आहे, पण त्यांची पदे मला आजही कोड्यासारखी सोडवावी लागतात.

याच्या अगदी उलट देवल. गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्करांच्याच तालमीत वाढले आणि १८९९ च्या ‘शारदे’त त्यांनी गुरूंवर ताण केली. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट, दात पडले तरी हौस न पडलेला भुजंगनाथ आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. (१९२९ च्या शारदा कायद्याचे नाव या नाटकावरून पडले असे कित्येकांना वाटते. ते कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडले आहे.) शारदेच्या मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाची चेष्टा करतात ते पद घ्या. त्यात गायकीचा काही आव नाही. परकऱ्या पोरी अंगणात टाळ्या पिटून म्हणतील असेच ते आहे आणि म्हणूनच त्याचा दंश जबर आहे. तेच पद आलापी करीत गाइले तर चेष्टा जाईल, मैफल उरेल.

आता जरा अवघड गोष्टीकडे वळतो. कीर्तनाचे ऋण नाट्यसंगीताने राजीखुशीने मान्य केले. लावणीचे ऋण मात्र दबक्या आवाजात सांगितले गेले. आमच्या शिनोलीहून नारायणगाव फार लांब नाही. तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाईंचे ते गाव. किर्लोस्करांची नाटके रंगत होती त्याच काळात पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) लावण्या रचू लागले होते. ते रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. ब्राह्मणाचा मुलगा नाटक मंडळीत गेला तर लोक नाक मुरडीत, पण पुढे भाऊरावांची तसबीर घरात लागे. बापूराव फडात गेले, पवळाबाईंच्या जोडीने उभे राहिले, आणि जातीने त्यांना दूर लोटले. अखेर ते विपन्नावस्थेत वारले. एकच चाल रंगमंचावर ‘पद’ म्हणून आली तर तिला टाळ्या आणि बोर्डावर ‘लावणी’ म्हणून आली तर तिला शिव्या, हा न्याय संगीताचा नाही.

तो न्याय अजून गेलेला नाही. एका संगीत स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीने जुनी बैठकीची लावणी सुरेख म्हटली. परीक्षकांचा शेरा आला, ‘शास्त्रीय बैठक नाही.’ त्याच स्पर्धेत त्याच अंगाच्या चालीवरचे एक नाट्यपद पहिले आले. मुलीने मला विचारले, “गुरुजी, ते निराळं होतं का?” मी तिला ‘सौभद्रा’चे पुस्तक दिले आणि पदांवरची बारीक अक्षरे वाचायला सांगितली.

त्या अक्षरांत एक निकडीचे काम आहे. ज्या जुन्या गाण्यांची नावे ‘चाल’ म्हणून छापली आहेत त्यांतली कित्येक गाणी आज मला कोणत्याही संग्रहात सापडत नाहीत. किर्लोस्करांचे पद टिकले आणि ज्याच्यावर ते बेतले ते गाणे हरवले. कदाचित एखाद्या फडातल्या म्हाताऱ्या सुरत्याला किंवा ढोलकीवाल्याला त्यांतले एखादे अजून येत असेल. आमच्या भजनी मंडळातले एक आजोबा एक अभंग अशा चालीवर म्हणतात की, ती नाटकातून भजनात आली की भजनातून नाटकात गेली हे त्यांनाही सांगता येत नाही. मी त्या सूचनांची यादी करायला घेतली आहे. ‘सौभद्र’ पुरे झाले, ‘शारदा’ अर्धी राहिली आहे. चैत्रात नारायणगावच्या राहुट्यांतून गर्दी झाली की ती यादी घेऊन तेथे जायचे ठरवले आहे. बरोबर ती विद्यार्थिनीही येणार आहे, कारण चाल ऐकताच उचलण्याचा गळा तिच्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही.