नववीच्या पुस्तकातील सिकलसेलचे पान

महाराष्ट्रातील इयत्ता नववीचे विज्ञान व तंत्रज्ञानाचे जे पाठ्यपुस्तक २०१७ साली आले, त्यातील आनुवंशिकतेच्या पाठात सिकलसेल ॲनिमियावर थोडा सविस्तर मजकूर आहे. त्या पाठातील इतर विकार बहुतेक विद्यार्थ्यांना आयुष्यात कधी भेटत नाहीत. टर्नर किंवा क्लाइनफेल्टर ही त्यांच्या दृष्टीने परीक्षेपुरती नावे असतात. सिकलसेलचे तसे नाही. विदर्भातल्या कितीतरी वर्गांत आणि नंदुरबारकडच्या आश्रमशाळांत हे पान वाचणाऱ्या काही मुलामुलींच्या स्वतःच्या रक्तात हे जनुक असते. काहींच्या घरी आरोग्य खात्याने दिलेले कार्डही फळीवर ठेवलेले असते. अशा घरात हे पान धडा म्हणून कमी आणि सल्ला म्हणून अधिक वाचले जाते. तेव्हा त्याची चिकित्सा जरा कडक निकषांनी केली तर ती अस्थानी ठरू नये.

आधी श्रेय देऊ. रोगाचे मूळ जनुकात आहे, हिमोग्लोबिनच्या रेणूत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, स्पर्शाने हा रोग होत नाही, एवढे या पानावर सरळ सांगितले आहे. शासकीय रुग्णालयांत सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस अशा दोन चाचण्या होतात, हेही दिले आहे. शालेय पुस्तकात चाचणीची नावे आणि ती होण्याची ठिकाणे यावीत, ही आम्हांला मोठी गोष्ट वाटते.

परंतु चाचण्या दोन कशाला, हे पान सांगत नाही. आणि कुटुंबांचा सारा घोटाळा नेमका तेथेच होतो. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा एक थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावणातील एक घटक पेशी फोडतो आणि सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधील ऑक्सिजन काढून घेते. ऑक्सिजनविना सिकल हिमोग्लोबिन त्या द्रावणात विरघळत नाही. द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, गावातही करता येते. पण द्रावण गढूळ झाले याचा अर्थ रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, इतकाच. आई आणि बाप या दोघांकडून ते जनुक आलेला रुग्ण आणि एकाकडूनच आलेला वाहक, या दोघांच्याही नळ्या गढूळच दिसतात.

दोघांना वेगळे ओळखण्यासाठी दुसरी चाचणी लागते. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. त्यामुळे विद्युतक्षेत्रात सिकल हिमोग्लोबिन धन ध्रुवाकडे जरा सावकाश सरकते. वाहकाच्या पट्टीवर दोन पट्टे दिसतात. रुग्णाच्या पट्टीवर सिकल हिमोग्लोबिनचा पट्टा असतो, नेहमीच्या हिमोग्लोबिनचा नसतो. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली याच भारभेदावरून सिकलसेलला ‘रेणूचा रोग’ म्हटले. ग्लुटामिक आम्ल आणि व्हॅलिनची अदलाबदल पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवली. भार, ध्रुव आणि आम्ले शिकलेल्या मुलांना ग्रामीण रुग्णालयातील ही चाचणी समजू शकते. ती समजावण्याची संधी पुस्तकाने सोडली, याची हळहळ वाटते.

हा फरक न समजल्याचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. एका शाळेत तपासणी शिबिरानंतर ‘पॉझिटिव्ह’ मुलांची नावे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवण्यात आली होती. हेतू चांगलाच होता, मुलांनी पुढची तपासणी चुकवू नये. पण ती यादी पहिल्या चाचणीची होती. तिच्यात वाहक किती आणि रुग्ण किती, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते. संध्याकाळपर्यंत गावाच्या लेखी सगळेच आजारी झाले. वाहक मूल जवळजवळ नेहमी निरोगी असते; ते खेळते, शेतात काम करते, म्हातारे होते. त्याला औषध लागत नाही. तरीही ‘सिकलसेलवाला’ हे नाव एकदा चिकटले की निघत नाही. रक्ताचा अहवाल हा त्या मुलाचा आणि त्याच्या आईवडिलांचा असतो. शाळेने शिबिराला जागा दिली म्हणून तो शाळेच्या मालकीचा होत नाही.

या पानाची दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. सिकलचे जनुक आणि बीटा थॅलसेमियाचे जनुक एकाच मुलात एकत्र आले तरी सिकलसेलचा आजार होतो. आई सिकलची वाहक आणि वडील थॅलसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत असे मूल होण्याची शक्यता चारात एक. आता वडिलांची फक्त सोल्युबिलिटी चाचणी केली तर द्रावण स्वच्छच राहणार, कारण त्यांच्या रक्तात सिकल हिमोग्लोबिन नाहीच. ते वाहक आहेत हे कळण्यासाठी रक्तपेशींचा आकार आणि हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण पाहावे लागते. ते एचपीएलसी यंत्रावर मोजता येते. ही पायरी गाळली तर काय होईल? मूल आजारी, आई वाहक, बाप ‘निर्दोष’. नववीत तक्ता पाठ केलेला कोणी शहाणा नातेवाईक मग असा निष्कर्ष काढू शकतो की जो एका बाईचे आयुष्य उद्ध्वस्त करील. कुटुंबाच्या रक्ततपासणीचा अर्थ प्रशिक्षित समुपदेशकाने बंद खोलीत सांगायचा असतो, तो याही कारणासाठी.

रक्त नुकतेच चढवलेले असेल तर अहवालात दात्याचे हिमोग्लोबिनही मिसळते. अशा वेळी सुमारे तीन महिने थांबून चाचणी करणे योग्य. तान्ह्या बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिले सहा महिने सोल्युबिलिटीवर विसंबता येत नाही. टाचेतून घेतलेल्या थेंबावर एचपीएलसीसारखी चाचणी मात्र जन्मतःही करता येते.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पुस्तकाचा सल्ला असा, की वाहकांनी किंवा रुग्णांनी आपसांत विवाह टाळावेत. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण वर्गात फळ्यावर गणित मांडून पाहावे. समजा, एका समाजात दर १०० माणसांत २० वाहक आहेत. १०० पुरुष आणि १०० स्त्रिया घेऊ आणि चाचणीचा विचार न करता विवाह झाले असे धरू. ४ जोडप्यांत दोघेही वाहक असतील, ३२ मध्ये एकजण, ६४ मध्ये कोणीच नाही. प्रत्येकी एक मूल धरले तर सरासरीने १ रुग्ण, १८ वाहक आणि ८१ सिकलमुक्त मुले होतील. आता पुस्तकाचा सल्ला सर्वांनी तंतोतंत पाळला असे समजा. २० वाहक पुरुष आणि २० वाहक स्त्रिया वेगवेगळ्या घरांत गेल्या, म्हणजे ४० जोडप्यांत एकेक वाहक आला. मुले किती? रुग्ण शून्य, वाहक २०, सिकलमुक्त ८०.

एक मूल वेदनेतून वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण वाहक १८ वरून २० झाले. जनुक कोठेही गेले नाही. ते वाहकांमध्ये सुरक्षित राहिले, आणि पुढच्या पिढीला पुन्हा तीच तपासणी आणि तीच अडवणूक. मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकले ते वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते म्हणून. अँथनी ॲलिसन यांनी हे १९५४ साली दाखवले. हजारो वर्षे निवडीत टिकलेले जनुक लग्नपत्रिकेने पुसले जाणार नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहाडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचे उद्दिष्ट २०४७ पर्यंत सिकलसेल ‘निर्मूलन’ असे आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे पहिले लक्ष्य. या शब्दाविषयी आम्हांला शंका आहे. देवीचा विषाणू निर्मूलन करता आला. जनुकाच्या बाबतीत जे शक्य आहे त्याला नियंत्रण म्हणावे हे बरे.

शिवाय हा सल्ला पाळला जाईल हे कशावरून? ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचे गाव आहे. तेथे पाचांत एकाहून अधिक लोक वाहक होते. सर्वांची तपासणी झाली, विवाहाबाबत सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी जॉर्ज स्टॅमाटोयान्नोपुलोस यांनी तेथे पुन्हा जाऊन पाहिले. त्यांचा अहवाल १९७४ सालचा आहे. वाहक-वाहक विवाह योगायोगाने जितके झाले असते जवळपास तितकेच झाले होते. मधल्या काळात गावात वाहकांना कमी लेखले जाऊ लागले होते आणि काहींनी आपला अहवाल लपवून लग्न केले होते. म्हणजे तपासणीने रोग कमी केला नाही, खोटे बोलण्याची गरज मात्र निर्माण केली. आपल्याकडे हा शिक्का मुलीच्या कपाळी अधिक ठसठशीत बसतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. १९७१ पासून एकापाठोपाठ एक राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सिकल तपासणीचे कायदे केले. काही कायद्यांच्या मसुद्यांतच वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ होती. नोकरी आणि विमा यांत वाहकांची अडवणूक झाली. हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना दार उघडले ते १९८१ साली. १९७२ च्या केंद्रीय कायद्याला तपासणी ऐच्छिक असावी आणि सोबत समुपदेशन असावे, अशी अट घालावी लागली.

तपासणीच नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सायप्रसमध्ये थॅलसेमियाच्या बाबतीत विवाहपूर्व तपासणीने रुग्ण मुलांचे जन्म फारच थोडे उरले. पण तेथे वाहक जोडपी बहुतांशी विवाह मोडत नव्हती. गर्भाची तपासणी करून पुढचा निर्णय घेत होती. आपल्याकडेही १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी गर्भतपासणीस परवानगी देतो. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन ती करता येते. पत्नी गरोदर असताना पहिल्या तीन महिन्यांत पतीने रक्त तपासून घ्यावे, असे पुस्तक सांगते. ते बरोबरच आहे. पण तपासून पुढे काय, यावर ते गप्प आहे. ज्या जोडप्याला मूल नऊ महिन्यांनी होणार, त्याला ‘विवाह टाळावा’ या ओळीचा काय उपयोग?

सर्वांत जास्त खटकते ते उपचारांचे. रुग्णाने रोज फोलिक आम्लाची गोळी घ्यावी, एवढ्यावर पुस्तक थांबते. वाचणाऱ्या रुग्ण विद्यार्थ्याने यातून काय समजावे? की आपल्याबाबत करण्यासारखे फारसे नाही; आपण जन्मालाच यायला नको होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९८६ साली अमेरिकेत एका चाचणीत लहान रुग्णांना रोज पेनिसिलिन दिले, तेव्हा न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. १९९५ साली हायड्रॉक्सियुरिया या औषधाने प्रौढ रुग्णांचे वेदनांचे झटके निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे दिसले. हे औषध आज आपल्या देशात मिळते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळोवेळी रक्त तपासून ते घ्यायचे असते. नवजात बाळाची तपासणी करण्याचे सबळ कारण हेच आहे. रोग सहा महिन्यांनी डोके वर काढण्याआधी लस आणि पेनिसिलिन सुरू करता येते. लग्न जुळवण्यासाठी केलेल्या तपासणीचा फायदा झालाच तर अजून न जन्मलेल्या मुलाला होतो. जन्मतः केलेल्या तपासणीचा फायदा समोरच्या बाळाला होतो. पुस्तकात पहिलीला जागा मिळाली, दुसरीला नाही.

पान सुधारेल तेव्हा सुधारेल. तोपर्यंत शिक्षकाला पुस्तकाबाहेरचे काही सांगता येईल. विवाहाच्या ओळीआधी चारात एक या संभाव्यतेवर थांबावे. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होणार, असे मानणारी घरे आहेत. नाणे उडवून हा गैरसमज एका तासात घालवता येतो. कार्ड कोणाजवळ आहे, हे वर्गात विचारू नये.

आणि वर्गात रुग्ण मूल असेलच तर त्याच्यापाशी पाण्याची बाटली असू द्यावी, तासाला मधूनच पाणी पिऊ द्यावे आणि लघवीला जाऊ द्यावे. अशा मुलांची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. भर उन्हात कवायत किंवा थंड पाण्यात पोहणे त्याच्यावर लादू नये. हातपाय दुखतात असे ते म्हणाले तर ते ढोंग समजू नये. रक्तवाहिन्या तुंबल्याच्या त्या वेदना प्रौढालाही रडवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा परीक्षेतील सवलतींची चौकशी मुख्याध्यापकांनी वेळेवर करावी. ताप आला तर शाळा सुटेपर्यंत थांबू नये, त्याच वेळी दवाखान्यात न्यावे.