समुद्रातील थडगी : राउल सुरिता यांचे ‘इन्री’

क्रुसाच्या माथ्यावरील चार अक्षरांची पाटी आपण बालपणापासून पाहत आलो आहोत. ‘नाझरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. ती पाटी भक्तांनी लावलेली नव्हे. देहदंड देणाऱ्या रोमी सुभेदाराचा तो आरोपाचा फलक होता, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. चिलीचे कवी राउल सुरिता यांनी २००३ साली आपल्या काव्यग्रंथाला हेच नाव दिले आणि शासनाने केलेल्या हत्येचे स्मरण त्या अक्षरांना परत मिळवून दिले.

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. त्याच दिवशी तरुण सुरिता यांना वाल्पाराइसो शहरी अटक झाली व पुढे एका जहाजाच्या पोटात डांबण्यात आले. जनरल पिनोशे यांच्या १९९० पर्यंतच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी केली गेली. जानेवारी २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांनी देशाला सांगितले, की बेपत्तांपैकी अनेकांचे देह समुद्रात, सरोवरांत आणि डोंगरांत टाकण्यात आले होते. ‘इन्री’चा उगम त्या निवेदनात आहे.

या काव्यात आकाशातून समुद्रावर आमिषे बरसतात. ती आमिषे म्हणजे माणसेच, हे वाचकाला हळूहळू उमगते. मासे थडगी होतात. कवी मारेकऱ्यांना शिव्याशाप देत नाही. व्हिव्हियाना, ब्रुनो, सुसाना अशी साधी नावे तो पुनःपुन्हा उच्चारतो. लितानीप्रमाणे ती कानांत घुमत राहतात.

येथे माझ्या मनात एक शंका येते. समुद्र, पर्वत आणि फुले यांच्या सौंदर्यात मृतांना सामावून घेतले, तर अपराध्याचा चेहरा पुसला जात नाही काय? शुभ शुक्रवार वगळून थेट पास्काच्या पहाटेकडे धावण्याचा मोह आम्हां प्रवचनकारांना चांगला परिचयाचा आहे. सुरिता त्या मोहाच्या अगदी काठावर उभे आहेत. परंतु त्यांचा समुद्र सांत्वन करीत नाही. तो साक्ष देतो. म्हणूनच त्यांचे काव्य तोल सांभाळते.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. लष्कराने पुरवलेली काही माहिती पुढे खोटी ठरली. समुद्रात टाकल्याचे सांगितलेल्या एकाचे अवशेष जमिनीत पुरलेले सापडले. मग काव्यही खोटे ठरले काय? मला तसे वाटत नाही. देह कोठे आहे हे शोधणे न्यायालयाचे काम. तो सापडेपर्यंत शोक कोठे करावा, हा काव्याचा प्रश्न. मग्दालेची मरिया रिकाम्या कबरेपाशी रडली, तेव्हा देह कोठे ठेवला एवढेच ती विचारत होती.

कवितेने न्यायाची जागा घेऊ नये, हे चिलीतील ख्रिस्तसभेच्या अनुभवावरूनही कळते. कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ने बेपत्तांची प्रकरणे न्यायालयांत नेली आणि कागद जपून ठेवले. आणि पिनोशेही स्वतःला कॅथलिक म्हणवीत, हे आपण लपवू नये. मारणारे आणि शोधणारे एकाच क्रुसापुढे गुडघे टेकीत होते. ‘इन्री’ वाचताना आपल्याला अस्वस्थ व्हावे लागते ते याच कारणाने.

सुरितांचा समुद्र २०१६ च्या अखेरीस आपल्या किनाऱ्यालाही लागला. कोचीच्या बिएनालेत त्यांनी एका दालनात समुद्राचे पाणी भरले. समोरच्या भिंतीवरील कविता वाचण्यासाठी प्रेक्षकाला पाण्यातून चालत जावे लागे. ती कविता बुडून मेलेल्या एका सीरियन बालकासाठी होती. त्याच्या धाकट्या भावाचे छायाचित्र जगाने पाहिले, त्याचे मात्र पाहिले नाही.

२ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, आप्तांच्या कबरीवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. आपल्याला निदान जागा ठाऊक असते. यंदा एक मेणबत्ती, जागाच नसलेल्यांसाठीही लावावी.