‘सबडिव्हिजन्स’ : उपनगर, विभाजन आणि स्मृती

‘रश’ या कॅनडातील रॉक-त्रयीचे ‘सबडिव्हिजन्स’ हे गीत १९८२ मधील ‘सिग्नल्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी येते. उपनगरी किशोरवयाच्या घुसमटीविरुद्धचा उद्गार, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. तो अर्थ गैर नाही. मात्र तो गीताच्या अखेरच्या कडव्यापर्यंत पोहोचत नाही.

शीर्षकातील शब्द मुळात जमिनीच्या व्यवहारातला : मोठ्या जमिनीचे पाडलेले प्लॉट. गीतात तो माणसांना लागू होतो. शाळेत आपल्यातला कोण आणि परका कोण, याची आखणी घरांच्या आखणीइतकीच काटेकोर असते. येथील उपनगर म्हणजे मुंबईच्या लोकलगाडीवर पोसलेली दाट वस्ती नव्हे. युद्धोत्तर उत्तर अमेरिकेतील, मोटारीवर विसंबलेली, एकसारख्या सुट्या घरांची ती वसाहत होय. गायक गेडी ली आणि गिटारवादक ॲलेक्स लाइफसन टोरांटोच्या विलोडेल या उपनगरी भागात वाढले.

हाच ताण संगीतातही आहे. आरंभीची सिंथेसायझरची आकृती सात मात्रांची आहे. रूपक तालाला सरावलेल्या आपल्या कानांना ती स्वाभाविक वाटेल. चार मात्रांच्या रॉकमध्ये मात्र तेथे एक पाऊल कमी पडल्यासारखे वाटते. ध्रुवपदात, जेथे समूहाचा दंडक व्यक्त होतो, तेथे लय चार मात्रांत सरळ होते आणि शीर्षक-शब्द गायला न जाता खर्जातल्या आवाजात नुसता उच्चारला जातो. दंडकाला आर्जव करावे लागत नाही, हेच त्यातून सूचित होते.

अखेरच्या कडव्यात तरुण शहराकडे ओढले जातात. परंतु शहर त्यांना मुक्त करीत नाही. कुणी स्वप्ने स्वस्तात विकतो, कुणी स्पर्धेत थकतो, आणि मन पुन्हा उपनगराच्या शांत, उजळलेल्या रस्त्यांकडे वळते. उपनगर आणि शहर हे विरोधयुग्म येथे ढासळते. ही निषेधाची माघार आहे, असा आक्षेप घेता येईल. गीतकार नील पर्ट तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता, हे लक्षात घेता प्रौढाचे स्मरणरंजन म्हणून हे कडवे बाजूला सारणेही सोपे आहे.

परंतु या स्मृतीत काय आहे, हे पाहावयास हवे. तिच्यात रस्ते आहेत, दिवे आहेत, रात्र आहे, सवंगडी नाहीत. ज्या एकाकीपणाने किशोराला जाळले, तोच प्रौढाला विसावा म्हणून आठवतो. अशा आठवणीने उपनगराला क्षमा केली, असे म्हणता येत नाही. विभाजन बाहेरून आत आले आहे, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. गीताचा निषेध येथे मावळत नाही, तो अधिक कठोर होतो.