ताटातला भात आणि कादंबरीतले शेत

आमच्या वाङ्मयात शेत पुष्कळ आहे. हिरवी शेते, डोलणारी कणसे, पहिल्या पावसाचा मातीचा वास यांना कवितेत तोटा नाही आणि कथा-कादंबऱ्यांतही नाही. परंतु ते शेत अन्न कसे देते, त्यासाठी कोणाचे हात आणि कोणाची जनावरे राबतात, आणि त्या अन्नावर अखेर हक्क कोणाचा चालतो, हे ज्यातून कळावे असे लेखन शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. याचा दोष एकट्या लेखकांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. वाचक आणि टीकाकार या नात्याने आम्हीच शेताकडे आगगाडीच्या खिडकीतून पाहावे तसे पाहत आलो. म्हणूनच दोन कादंबऱ्या पुन्हा वाचाव्यात असे मनात आले. एक मराठी, आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१), आणि दुसरी कोंकणी, पुंडलीक नायकांची ‘अच्छेव’ (१९७७). दोहोंत सहाच वर्षांचे अंतर आहे. आणि दोन्ही आमच्या या द्वैभाषिक वाचकवर्गाच्या घरच्या आहेत.

प्रथम ‘गोतावळा’. नारबा हा मालकाच्या मळ्यावर राबणारा, बिनलग्नाचा, एकटा गडी. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि तो गोतावळा उधळतो. कादंबरी बाहेर पडली तेव्हा टीकाकारांनी तिच्या कागलकडच्या बोलीचे कौतुक केले, मनुष्य आणि पशू यांच्या जिव्हाळ्याचे केले, यंत्रयुगाच्या आगमनाबद्दल सुस्कारेही टाकले. ते सारे रास्तच होते. पण नारबाचे दुःख हा एक हिशेबही आहे, हे आमच्या मते पुरेसे ध्यानात आले नाही. बैल मळ्यावरून गेला म्हणजे केवळ एक सोबती जात नाही. पिकाचा कडबा खाणारे तोंड जाते, त्या तोंडामागून येणारे शेण जाते, शेणाचे खत जाते, आणि खत गेले म्हणजे उद्याच्या पिकासाठी मालकाला बाजाराकडे पाहावे लागते. जे चक्र मळ्याच्या कुंपणाच्या आतच फिरत होते त्याचा एक आरा निखळतो आणि तेथे डिझेलचा डबा आणि खताची गोणी येऊन बसते. नारबा हे शास्त्र म्हणून सांगत नाही. तो केवळ हंबरतो, असे म्हटले तरी चालेल. परंतु ज्याने वैरण स्वतः घातली आहे त्याच्याच तोंडून हे यावयास हवे होते, आणि यादवांनी निवेदन त्याच्या हाती सोपविले यातच त्यांचे खरे मर्मज्ञत्व आहे.

मात्र याच निवडीची किंमतही कादंबरीला द्यावी लागली आहे. नारबाला जेवढे दिसते तेवढेच आम्हांला दिसते. मालक ट्रॅक्टर का घेतो, त्यामागे कर्ज आहे की हौस, की मजुरीचे गणित, हे धूसरच राहते. मालक हा जवळजवळ हवामानासारखा येतो आणि जातो. वकिली पेशातील मनुष्यास ही उणीव अधिक टोचते, हे आम्ही कबूल करतो. कोणताही खटला एकाच पक्षाचे ऐकून निकाली काढू नये अशी आमची सवय. तरीसुद्धा आम्ही असे म्हणू की मालकाच्या सोप्यावरील एक संध्याकाळ जर नारबाच्या कानांवर पडली असती, तर कादंबरीची करुणा कमी झाली नसती, उलट तिला टोक आले असते. या दृष्टीने जोतीराव फुल्यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ अजूनही पुढे आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या दारिद्र्यापासून सरकारी कचेरीपर्यंतची साखळी त्यांनी कडी कडी जोडून दाखविली. ते पुस्तक बडोद्यास सयाजीराव महाराजांनी स्वतः जोतीरावांच्या तोंडून ऐकले होते, ही गोष्ट बडोदेकर वाचकांस तरी ठाऊक असावी.

‘अच्छेव’चे जग निराळे. कोळंब नावाचे गाव, पंढरी आणि रुक्मिणी हे शेतकरी दांपत्य, नानू आणि केसर ही त्यांची मुले. गावात खाण येते आणि या घराचा एकेक वासा ढासळू लागतो. ही कथा विद्या पै यांच्या २००२ सालच्या इंग्रजी भाषांतरामुळे दूरवर गेली. परंतु गोव्याबाहेरच्या मराठी वाचकास ती नीट कळावी म्हणून येथे थोडे विषयांतर करतो.

गोव्यातले भातशेत म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे. पावसाळ्यातले सरद आणि पावसाळ्यानंतरचे वायंगण ही दोन पिके, त्यांचे पाणी, त्यांचे बांध, हे सारे गावाने मिळून सांभाळण्याचे काम होते. खाडीकाठच्या खाजन जमिनीत तर हे विशेषच दिसते. तेथे मातीच्या बांधाने खारे पाणी अडवायचे, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी आवरायचे, मिठास दाद न देणारे कोरगुट भात पेरायचे आणि त्याच मानशीवर मासळीही धरायची. बांधाला एक भगदाड पडले तर ते एकाच्या शेताचे नसते. म्हणून गांवकरी संस्था होती, तिचे नियम होते. अफोंसु मेशियाने १५२६ साली तिचे रीतिरिवाज लिहून ठेवले ते काही हौसेने नव्हे, महसुलासाठी. आमच्या घरी सकाळी जी उकड्या तांदळाची पेज पानात येते, तिच्यामागे एवढा कारभार उभा असे.

आता या कारभाराच्या डोक्यावर, डोंगरमाथ्यावर, खाण उघडा. एक टन लोहखनिज काढण्यास दोन-तीन टन माती उकरून बाजूला टाकावी लागते. पहिल्या पावसात ती माती ओहोळातून उतरते आणि शेतात बसते. झऱ्यांचे पाणी आटते. खनिज मात्र ट्रकांतून धक्क्यावर आणि तेथून मांडवी-जुवारीतल्या बार्जींतून मुरगाव बंदरावर जाते. ‘अच्छेव’ वाचताना हा भूगोल मनात असला म्हणजे पंढरीच्या घराची पडझड निव्वळ नैतिक अधःपात वाटत नाही. शेत गेल्यावर घरात मजुरी येते, मजुरीतून दुकानचा तांदूळ येतो, आणि ज्या घराने तांदूळ कधी विकत आणला नव्हता ते घर प्रथमच दुसऱ्याच्या तराजूकडे पाहू लागते. या लहानशा बदलात नायकांच्या कादंबरीचे बळ आहे.

तिचे दुबळेपण कोठे आहे हेही सांगितले पाहिजे. खाणीने केलेला बिघाड दाखविण्यासाठी लेखक पुन्हा पुन्हा स्त्रीच्या घसरणीकडे वळतो. रुक्मिणी आणि केसर यांच्या वाट्याला जो कलंक येतो, तो आम्हांला वाजवीपेक्षा अधिक वाटला. डोंगर पोखरणाऱ्याचे पाप घरातल्या बाईच्या पदरात मोजण्याची ही आमची जुनी खोड आहे. कादंबरीचा सारा भर घरावर आहे, कागदावर नाही. वस्तुतः ज्या सुमारास ती प्रसिद्ध झाली त्या सुमारास गोव्यात दोन कागद एकमेकांसमोर उभे होते. १९७६ साली कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्यास मालक मानण्याचे तत्त्व आले. आणि खाणी मात्र पोर्तुगीज अमदानीतल्या सवलतींवर चालू होत्या. त्या सवलतींचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा झाला तो १९८७ साली. म्हणजे खालच्या शेतात कूळ मालक होत होते आणि वरच्या डोंगराची माती त्याच्या मालकीवर वाहून येत होती. याहून भेदक नाट्य कादंबरीकारास कोठे मिळावे?

येथे कोणी म्हणेल की कादंबरी म्हणजे दावा नव्हे. खरे आहे. परंतु आम्ही आमच्या व्यवसायात शेते पाहिली ती सर्व्हे क्रमांक म्हणून. रूपांतराच्या अर्जात ‘पडीक’ हा शब्द कितीदा वाचला असेल आणि तो जसाच्या तसा उतरवूनही दिला असेल! ते शेत पडीक का झाले, बांध कोणी सोडला, पाणी कोठे गेले, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. ‘अच्छेव’ दुसऱ्यांदा वाचली तेव्हा प्रथम तो शब्द खटकला. दोष आहेत म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवता येत नाही, ते यामुळे.

बेळगावकर वाचकांस आणखी एक सांगावेसे वाटते. गोव्याच्या बाजारातली भाजी बव्हंशी तुमच्या बाजूने घाट उतरून येते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या अडल्या, तेव्हा आमच्या गावांत चार दिवसांत कोथिंबिरीसाठी माणसे वणवण करू लागली. आणि दारापुढच्या परसात काय लावता येते हे आठवण्यासाठी म्हाताऱ्यांना विचारावे लागले. कोरगुट, वायंगण, मानस हे शब्दही आता बहुधा त्यांच्याच तोंडी आहेत. यादवांनी मळ्यातले शब्द आणि नायकांनी कोळंबची बोली कागदावर धरून ठेवली, ती निव्वळ ग्रामीण ढंगाची सजावट समजू नये. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस ते अडतील. तरी अडखळत वाचावेत. त्या शब्दांची टिपणे पुढील आवृत्त्यांच्या शेवटी जोडण्याचे काम प्रकाशकांनी अवश्य करावे.

सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम २०१२ साली थांबविले, २०१४ साली त्यावर निकाल दिला, आणि २०१८ साली पुन्हा ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. तेव्हा गावोगाव ट्रक उभे राहिले आणि त्यांच्या हप्त्यांची काळजी घरोघर सुरू झाली. पंढरीच्या नातवांच्या वयाची ती मुले. त्यांची कादंबरी कोंकणीत वा मराठीत कोणी लिहिली असल्यास आम्हांस ती वाचावयाची आहे. आणि त्या कादंबरीत गाळाखालच्या शेतात पुन्हा तरवा लावला गेला की नाही, हे आम्ही सर्वांत आधी पाहू.