आयंब म्हणजे लघु-गुरू नव्हे

इंग्रजी छंदशास्त्राची मराठीत ओळख करून देताना एक वाक्य हमखास येते : आयंब म्हणजे लघु-गुरू. मीही ते एका जुन्या मार्गदर्शकातून वहीत उतरवून घेतले होते. इंग्रजी विषय घेऊन मी पदवी केलेली नाही. नोकरी सांभाळून, वाचनालयात मिळेल ते वाचत शिकलो. त्या वाक्याच्या भरवशावर शेक्सपिअरच्या ओळींखाली लगक्रम मांडत गेलो, तर ओळीमागून ओळ चुकलेली वाटू लागली. पुढे एका वाचनालयात बोलताना, ‘इंग्रज कवी वृत्ताच्या बाबतीत ढिले असतात,’ असे मी ठासून सांगितले. समोरच्या मुलांनी ते लिहून घेतले. चूक माझ्या मापात होती, हे कळायला बरीच वर्षे गेली. ते विधान मागे घ्यावे, म्हणून हा लेख.

आधी शब्दाकडे पाहू. ‘आयंब’ हा इंग्रजांनी ग्रीकांकडून घेतलेला शब्द. ग्रीक भाषेत ‘इआम्बोस’ म्हणजे केवळ मात्रांचा क्रम नव्हे. टवाळीचे, झोंबणारे काव्य असाही त्याचा अर्थ होता. इ. स. पूर्व ७ व्या शतकातला पारोस बेटावरचा आर्किलोकस या प्रकाराचा अध्वर्यू मानला जातो. डीमीटर देवीच्या एका प्राचीन स्तोत्रात इआम्बे नावाची दासी आहे. लेकीच्या विरहाने अन्नपाणी सोडून बसलेल्या देवीला ती थट्टामस्करी करून हसवते. ॲरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’त या वृत्ताच्या नावाचा संबंध एकमेकांची टर उडवण्याशी जोडला आहे. शिवाय तो सांगतो की, हे वृत्त बोलण्याच्या सर्वांत जवळचे आहे. माणसे गप्पा मारता मारता नकळत त्यात बोलून जातात. ग्रीक नाटकांतले संवाद या वृत्तात आले, ते म्हणूनच.

ग्रीक भाषेत अक्षराचे माप उच्चाराला लागणाऱ्या काळावर ठरे, आपल्या वृत्तांसारखेच. तेव्हा ‘आयंब म्हणजे लघु-गुरू’ हे वाक्य ग्रीकांपुरते बरोबर आहे. इंग्रजीने नाव तेच ठेवले, पण माप बदलले. इंग्रजीत आयंब म्हणजे आघात नसलेले एक अक्षर आणि त्यानंतर आघात असलेले एक अक्षर. आघातात आवाजाचा जोर, चढ आणि थोडी लांबीही मिसळलेली असते. मात्र नुसती लांबी म्हणजे आघात नव्हे.

पडताळा घरबसल्या घेता येतो. ‘सिटी’ आणि ‘मनी’ हे शब्द देवनागरीत लिहा. दोन्ही चोख लघु-गुरू. इंग्रजीत मात्र दोन्हींत आघात पहिल्या अक्षरावर, म्हणजे ते आयंबच्या बरोबर उलटे, ‘ट्रोकी’ झाले. आता ‘पोलीस’ घ्या. आपल्या मापाने गुरू, गुरू, लघु. इंग्रजी उच्चारात अक्षरे दोनच आणि आघात दुसऱ्यावर. म्हणून तो आयंब. ‘रेकॉर्ड’ तर आणखी बोलका. नोंद या अर्थी नाम असेल तर आघात पहिल्या अक्षरावर, नोंदवणे या अर्थी क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. अर्थ असा आघाताने बदलणे मराठीच्या कानाला सवयीचे नाही. माझा कान इथेच फसला.

फसणारा मी एकटा नव्हतो, एवढेच समाधान. १६०२ मध्ये टॉमस कॅम्पियन या कवीने खुद्द इंग्रजी पद्य ग्रीक-लॅटिनप्रमाणे काळाच्या मापाने रचावे, असे आग्रहाने मांडले होते. भाषेने ते मानले नाही.

दुसरी गफलत भाषांतराची. ‘फूट’ म्हणजे पाऊल, म्हणून त्याला ‘चरण’ म्हणण्याचा मोह होतो. पण आपला चरण म्हणजे अख्खी ओळ. फूट हा ओळीचा लहानसा तुकडा. ‘गण’ म्हणावे तर तेही नीट बसत नाही. पंचचामराची ओळ कानाला आठ वेळा ‘लगा’ अशी ऐकू येते. शिवतांडवस्तोत्र म्हणून पाहा. शास्त्र मात्र तिचे गण ज-र-ज-र-ज-ग असे पाडते. आपला गण मोजणीच्या सोयीचा, तर फूट हे ठेक्याचे एकक. ‘मीटर’चा घोळ निराळाच. ग्रीक आयंबिक ट्रायमीटरमध्ये दोन आयंबांचे एक माप धरतात, म्हणून ओळीत सहा आयंब. इंग्रजी ट्रायमीटरमध्ये तीनच. ‘ब्लँक व्हर्स’ला कुणी मुक्तछंद म्हणतात, तेही चूक. ती निर्यमक, पण वृत्तबद्ध रचना. मिल्टनचे १६६७ चे ‘पॅराडाइज लॉस्ट’ पाच आयंबांच्या ओळींत, म्हणजे पेंटामीटरमध्येच बांधलेले आहे.

मग ‘ढिलाई’चे काय? हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताची पहिली ओळ दहाऐवजी अकरा अक्षरांची आहे. पंचचामरात एक अक्षर वाढले तर वृत्तभंग; इथे शेवटी एक आघातहीन अक्षर वाढवायची मुभा आहे. ओळीच्या आरंभी आयंबऐवजी ट्रोकी चालतो. अक्षर जड की हलके, हे शेजारच्या अक्षराच्या तुलनेत ठरते. वाचकाच्या मनात एक ठेका चालू असतो, जिभेवर बोलण्याची स्वाभाविक चाल असते. कवी दोन्हींना जवळ आणतो, दूर नेतो. मी दोष म्हणून खुणा केल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जागी पात्राचा आवाज बदलत होता. ॲरिस्टॉटलने ग्रीक आयंबबद्दल सांगितलेला बोलण्याचा गुण इंग्रजीत असा उतरला.

माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’ने आपल्या पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे तीन विभाग पाडले. अभंगाला वृत्ताची फूटपट्टी लावू नये, हे आपण त्यातूनच शिकलो. अभंगात अक्षरे मोजतात, जातीत मात्रा, वृत्तात लगक्रम. इंग्रजी आयंबिक रचनेत अक्षरे आणि आघात मोजतात. हे चौथे माप आहे. ते आपल्या तिन्हींपैकी एकातही कोंबू नये.

त्या वाचनालयातली मुले आता कर्ती झाली असतील. कुणाकडे ती वही उरली असेल, तर ‘लघु-गुरू’ हे शब्द खोडावेत आणि तिथे ‘हलके-जड’ असे लिहावे. कवींवरचा शेरा तर अख्खाच खोडावा.